घुंगरमाळेची सुसर

संपत खरात गोदावरीतली सुसर शोधायला निघाला, तेव्हा काहिलीच्या नावेत जागा दोघांची होती आणि बसला होता तो एकटाच.

ही साधीसुधी सुसर नव्हती. वडीगोद्रीहून नदीच्या अंगाला गेलं की कुठल्याही गावात तिची गोष्ट ऐकायला मिळे. निजामाच्या काळात म्हणे तिने पोळ्याला सजवलेला एक बैल पाण्यावरून ओढून नेला आणि गळ्यातल्या घुंगरमाळेसकट गिळला. तेव्हापासून डोहात ती कूस पालटते तेव्हा तिच्या पोटात घुंगरं वाजतात. तिच्या पाठीवर गवत उगवलंय आणि बेट समजून त्यावर बगळे उतरतात. तिला पाहिलेला माणूस मात्र कधी भेटत नसे. भेटे तो पाहिलेल्या माणसाचा भाचा, नाहीतर व्याही.

संपत आणि अण्णासाहेब एका बाकावर बसून शिकले. सुसर बघायला जायचं, हे तेव्हाच ठरलं होतं. पुढे संपत वडीगोद्रीच्या शाळेत विज्ञान शिकवू लागला, अण्णासाहेब वडिलांची शेती बघू लागला, दोघांची लग्नं झाली, पोरं झाली. बेत मोडला नाही, उलट वाढतच गेला. अण्णाच्या शेतात बैलांचा कोठा आणि शेजारी एक खोली होती. त्या खोलीच्या भिंतीवर दोघांनी कोळशाने अख्खी नदी काढली होती. इथे भोयांची वस्ती, इथे खडकांची रांग, इथे बेट, बेटाच्या पोटाशी रांजणडोह. सुगी आटोपली की संध्याकाळी तिथे बसून भिंतीकडे बघत दोघांचा वाद चाले.

"चुलत्याची बंदूक घेऊ का संगं?" अण्णा विचारी.

"बंदूक घेतली की बघायची मोहीम ऱ्हात न्हाई. मारायची व्हती."

"आन तिनंच आपल्याला बघितलं तर?"

"मंग वल्हं तुझ्या हातात हाय."

सगळं बैजवार ठरलं होतं. जायचं दिवाळीच्या सुट्टीत. पूर ओसरलेला असतो, वाळू उघडी पडते आणि सकाळच्या गारठ्यानं सुसर उन्हाला बाहेर येते. दोघांनी मिळून जालन्यात एक जुना पेटी-कॅमेरा घेतला होता. फोटो संपत काढणार. वल्हं मारायचं आणि पाण्यात काही झालं तर बघायचं, ते अण्णाकडे. कारण संपतला पोहणं अर्धवट येत होतं. गावातली पोरं ज्या बारवेत पोहायला शिकली, तिच्या पायऱ्या संपतच्या बौद्धवाड्यातल्या पोरांना बंद होत्या. अण्णाने आपल्या शेतातल्या विहिरीत, भर दुपारी कोणी नसताना, त्याच्या पाठीला वाळका भोपळा बांधून त्याला शिकवायला घेतलं होतं. हात मारायला येऊ लागले आणि अण्णाच्या चुलत्याने बघितलं. शिकणं तिथेच राहिलं.

अठ्ठ्याहत्तर साली मात्र निघायचं नक्की झालं होतं. आणि त्याच पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला.

एका संध्याकाळी त्यांच्या गावातल्या बौद्धवाड्यावर दगड पडले. मग कडब्याच्या गंजी पेटल्या. मग घरं. संपतच्या घराचं छप्पर जळालं, माणसं वाचली. बायको प्रभावती, दोन्ही मुली आणि आई चांगुणाबाई यांना त्याने जालन्याला मेव्हण्याकडे पोचवलं आणि नोकरीसाठी स्वतः वडीगोद्रीत एक खोली घेऊन राहिला.

अण्णासाहेब त्या संध्याकाळी आला नाही. दुसऱ्या दिवशी आला नाही. पुढेही आला नाही. दगड मारणाऱ्यांत तो नव्हता, हे संपतला पक्कं माहीत होतं, आणि तेच जास्त लागत होतं. ज्याने दगड मारला त्याच्यावर राग तरी धरता येतो. जो कुठेच नव्हता, त्याचं काय करायचं? एकदा आठवडी बाजारात दोघं समोरासमोर आले. अण्णाने हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली, काहीतरी बोलेल असं वाटलं, आणि तो गर्दीत शिरला.

दिवाळीची सुट्टी लागली. शाळेचं आवार ओस पडलं. संपतने जालन्याला जायची तयारी केली, पिशवी भरली, आणि बसून राहिला. त्या खोलीत दुसरी खाट नव्हती, भिंतीला खुंटी नव्हती, चुलीजवळ कोणाचा आवाज नव्हता. मेव्हण्याच्या घरी सगळे त्याच्या तोंडाकडे बघणार आणि त्याने आधी हसून दाखवायचं. त्याला ते जमेना. त्याने पिशवीतले कपडे काढले आणि त्यात दोर, बॅटरी, गूळ, शेंगदाणे आणि कॅमेरा भरला. त्याला एकदा तरी अशा ठिकाणी जायचं होतं, जिथे त्याच्यावर काय गुदरलं हे कोणालाच ठाऊक नसेल.

नदीकाठी भोयांच्या वस्तीत केशरबाई राहत होती. गूळ कढवायची मोठी लोखंडी काहील पाण्यात टाकायची आणि तिचीच नाव करायची, ही तिकडची जुनी रीत. नवऱ्याच्या मागे केशरबाईच माणसं, शेरडं पलीकडे नेत असे. तिची एक काहील दोघांनी आधीच ठरवून ठेवली होती.

"दुसरे पाव्हणे कुठायेत?" तिने विचारलं.

"तो येणार न्हाई, मावशी."

"आजारी हायेत का?"

"न्हाई."

केशरबाईने वल्हं त्याच्या हातात दिलं. "पवता येतं का?"

"थोडं येतं."

"थोडं येणारंच बुडतंय, बाबा. बिलकुल न येणारा काठावर ऱ्हातो." तिने काहील पाण्याकडे लोटली. "मदोमद बसायचं. हुभं ऱ्हायचं न्हाई. भवऱ्यात घावली तर वल्हं वर घ्यायचं आन गप बसायचं. भांडायला गेलं की वढती ती."

काहील प्रवाहाला लागली. पहिलं वल्हं मारलं तशी ती जागच्या जागी गर्रकन फिरली. दुसरं मारलं, उलटी फिरली. काठावर केशरबाई कमरेवर हात देऊन उभी होती, ती कधी पुढे दिसे, कधी मागे, आणि मग दिसेनाशी झाली.

सकाळ चांगली होती. दोन्ही काठांना काळ्या मातीच्या उभ्या दरडी, दरडींत पाकोळ्यांची बिळं, वर बाभळींची रांग, आणि त्या रांगेपलीकडे कुठेतरी ज्वारी राखणाऱ्या माणसाची लांबलेली हाळी. मग तीही मागे पडली. पाणी हिरवट, जड, आवाज न करता चाललेलं. एवढ्या मोठ्या नदीवर दुसरा माणूस नव्हता. वल्ह्याची युक्ती हळूहळू हाताला कळली, एक उजवीकडे, एक डावीकडे, मारायचं कमी आणि धरायचं जास्त. आपण मघापासून मोठ्यानं बोलत आहोत, हे संपतच्या बऱ्याच वेळानं ध्यानात आलं. "ती बघ, आण्णा, खडकाची रांग आली," असं तो म्हणाला होता. आपलाच आवाज कानावर आल्यावर तो गप्प झाला.

खडकाची रांग मात्र खरंच आली होती. भिंतीवर काळ्या ठिपक्यांची ती एक ओळ होती. इथे पाणी दगडांच्या फटींतून उसळत, फेस काढत खाली पडत होतं. वळायला वेळ मिळाला नाही. काहील पहिल्या दगडावर आदळली. घण् करून आवाज झाला! ती तिरपी झाली. पाणी आत आलं. बरोबर घेतलेलं भाकरीचं गठुडं तरंगलं, काठावरून घसरलं, गेलं. संपतने वल्हं दगडाला लावलं. वल्हं निसटता निसटता राहिलं. काहील फिरली, मागच्या मागे दोन दगडांच्या फटीत शिरली आणि खालच्या भोवऱ्यात जाऊन पडली. आभाळ, दरड, आभाळ, दरड! त्याने वल्हं वर घेतलं, डोळे मिटले आणि मदोमद बसून राहिला. मग फिरणं संथ झालं, आणि नदीने त्याला आपणहून पुढे सोडलं.

तांब्याने पाणी उपसत तो दुपार कलताना बेटाला लागला.

बेट म्हणजे वाळूचा लांब ढिगारा, कडेनं लव्हाळं आणि झाऊची झुडपं, मधल्या उंचवट्यावर एक जुनं करंजाचं झाड. उतरत्या अंगाला रांजणडोह, काळा आणि गप्प. काहील वाळूवर ओढून त्याने ती तिच्याच दाव्यानं झाऊच्या मुळाला बांधली आणि डोहाच्या कडेनं चालत निघाला. चिखलाच्या एका पट्ट्याशी त्याचे पाय थबकले. चिखलात एक रुंद सरी ओढलेली होती, भरलेलं पोतं फरफटत न्यावं तशी. दोन्ही बाजूंना पंजे. डाव्या पुढच्या पंजाची बाहेरची बोटं नव्हती.

"आण्णा!" तो ओरडला. आनंदानंच ओरडला. आवाज पाण्यावरून पलीकडच्या दरडीवर गेला आणि तसाच परत आला.

तो खाली बसला. घर जळालं तेव्हा तो रडला नव्हता, कारण आई आणि मुली बघत होत्या. इथे बघायला कोणी नव्हतं.

रात्र त्याने उंचवट्यावरच्या करंजाखाली काढली. सकाळी धुकं विरलं आणि ती आली. आधी पाण्यावर दोन गाठी दिसल्या. मग लांब, खडबडीत तोंड. मग ती घाई न करता चिखलावर चढली आणि उन्हात आडवी झाली. संपत करंजाच्या बुंध्याआड पालथा पडला होता. गोष्टीतल्याइतकी ती मोठी नव्हती, तरी बैलगाडीत मावली नसती. पाठीवर गवत नव्हतं, वाळून भेगाळलेला चिखल होता. शेपटीचं टोक कधीकाळी तुटलेलं. तिने जबडा उघडला आणि तसाच ठेवला. संपत घुंगरांसाठी कान देऊन बसला. नुसतं पाणी वाहत होतं.

त्याने कोपरांवर उठून कॅमेरा छातीपुढे धरला, खाली बघून नेम घेतला आणि खटका दाबला. आणखी एक फोटो. मिळालं! लहानपणापासून जे हवं होतं, ते समोर पडलं होतं. आणि मग त्याची नजर चिखलावर फिरली. जुन्या वाळलेल्या खुणा, कालच्या, आजच्या. सगळीकडे तोच डावा पंजा, तीच तुटकी बोटं. दुसऱ्या कुठल्या सुसरीची एकही खूण नव्हती. बाकीच्या कधी गेल्या, कोणी मारल्या, कोणाला ठाऊक. ही या डोहात एकटी होती आणि कदाचित फार दिवसांपासून एकटी होती. ती ऊन खात पडली होती आणि तो तिच्याकडे बघत पडला होता. किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही.

आधी फेस आला. निर्मळ पाण्यावर तपकिरी फेसाचे गोळे. मग काटक्या, पाचट, मुळासकट उपटलेली भोपळ्याची वेल. संपतने वर पाहिलं. डोक्यावर ऊन होतं, पण नदीच्या वरच्या अंगाला आभाळ शाईसारखं झालेलं होतं. परतीचा पाऊस तिकडे कुठेतरी कोसळला होता. सुसर पाण्यात सरकली. चिखलाचा पट्टा त्याच्या डोळ्यांदेखत बुडाला.

तो काहिलीकडे पळाला. वाळू पायाखालून सुटत होती. झाऊचं मूळ पाण्यानं उघडं पाडलं होतं, काहील त्याला हिसके देत होती. काहील हातभरावर असताना मूळ उपटलं. तो कमरेइतक्या पाण्यात शिरला. पायाखाली तळ नव्हता! त्याने हात मारले, लव्हाळं धरलं, कसाबसा मागे आला. काहील रिकामीच फिरत फिरत लांब गेली.

आता उंचवटा तेवढा उरला होता. पिशवी करंजाखाली होती. तो तिथे पोचायच्या आतच सुसर पाण्यातून वर आली! प्रवाहापुढे तीही टिकली नव्हती. ती झाडाच्या पलीकडच्या अंगाला चिखलात पोट टेकून थांबली. तिच्या आणि त्याच्यामध्ये ती पिशवी होती. पिशवीच्या अलीकडे दोराचं वेटोळं, पिशवीत कॅमेरा. तिने तोंड त्याच्याकडे वळवलं. फुत्कार आला, लोहाराच्या भात्यासारखा.

दोर जवळ होता. पिशवी एक पाऊल पुढे. त्या एका पावलाचा विचार त्याने केला, हे खरं. मग त्याने दोर उचलला आणि तो झाडावर चढला. गुडघे सोलले, सदरा फाटला. फांदीवर बसून त्याने खाली पाहिलं तेव्हा पाणी पिशवीला लागलं होतं. पिशवी उचलली गेली, सुसरीच्या नाकाशी एकदा थबकली आणि वाहून गेली. सुसरीने तिच्याकडे बघितलंही नाही.

दुपार उतरणीला लागली. पाणी बुंध्याला लागलं. सुसर तिथेच होती, अर्धी पाण्यात. संपत फांदीला मिठी मारून बसला होता. मुली आता जालन्यात काय करत असतील, हे तो आठवून बघत होता. आपण इथे आहोत हे केशरबाईखेरीज कोणालाच माहीत नाही, हेही त्याला आठवलं.

"संपत! ए संपत!"

हाक वरच्या अंगानं आली. त्याने आवाज ओळखला. ओळखायला वेळच लागला नाही, आणि तरी तो गप्प बसला. तीन महिने ज्या हाकेची वाट पाहिली, ती आता आली होती. आता नको, असं त्याला वाटलं. आता कशाला आलास?

"संपत! हायेस का रं?" आवाज फाटला होता. हाक मारणारा माणूस रडत होता.

"हितं हाय!" संपत ओरडला. "करंजावर!"

लव्हाळ्याच्या आडून काहील फिरत आली. आत अण्णासाहेब गुडघ्यांवर बसला होता, अंगावर चिखल, हातात वल्हं. स्वतःच्या गुऱ्हाळातली काहील त्याने बैलगाडीत घालून आणली होती.

"दोर हाय का?"

"हाय!"

"बुंध्याला बांध आन फेक. मला थांबता येणार न्हाई. एकदाच घावंल!"

संपतने दोर बुंध्याला आवळला. काहील जवळ आली. फिरत होती. आता! त्याने दोर फेकला. दोर पाण्यावर पडला. अण्णा पालथा झाला, हात लांबवला, टोक धरलं, काहिलीच्या कडीत ओवलं. दोर ताणला. झाड कडकडलं. काहील झाडामागच्या संथ पाण्यात येऊन हिसक्यानं थांबली.

"उतर! जल्दी कर!"

"आण्णा, खाली ती हाय."

"कोण?"

"ती."

अण्णाने पाहिलं. झाडाच्या पलीकडे, पाण्याच्या कडेला, ते लांब तोंड. तेवढ्यात काहील घण् करून बुंध्यावर आपटली आणि सुसर पाण्यात सरकली. गेली. कुठे गेली, ते दिसेना.

दोघंही हलले नाहीत.

"संपत," अण्णा हळू आवाजात म्हणाला, "मी उतरतो पाण्यात. मी तुझ्याकडं येतो."

"न्हाई. तू धर. मी येतो."

संपतने दोरावर हात टाकले आणि पाण्यात उतरला. पाणी गार होतं. गळ्याला आलं. एक हात. दुसरा हात. पायाला काहीतरी घासलं! फांदी होती की काय होतं, त्याने पाहिलं नाही. तोंडात गढूळ पाणी गेलं. दोर निसटला, पुन्हा घावला. मग काखेत एक हात आला आणि त्याला वर ओढलं गेलं. अण्णाने कोयत्यानं दोर तोडला. काहील सुटली, गरगरली, आणि बराच वेळ वाहत जाऊन वळणाच्या आतल्या काठाला, कापसाच्या रानात जाऊन टेकली.

दोघं चिखलात पडून राहिले. नंतर अण्णाने कमरेचं फडकं सोडलं. त्यात ओली भाकरी होती. अर्धी त्याने पुढे केली.

"केशरबाईनं सांगावा धाडला, एकटाच गेला म्हनून," अण्णा म्हणाला. "पाणी चढलं तवा मला वाटलं, गेलास."

संपतने भाकरी घेतली.

"त्या संध्याकाळी मी घरातच व्हतो," अण्णा नदीकडे बघत म्हणाला. "आवाज येऊन राह्यला व्हता. चुलत्यानं दाराला कडी घातली, हे खरं हाय. पर कडी आतून व्हती. मला काढता आली असती."

संपतने हातातली भाकरी खाली ठेवली. तो म्हणाला, "प्रभावतीनं इचारलं व्हतं. आण्णा का आला न्हाई म्हनून. धाकटीपण इचारत व्हती."

अण्णाने मान खाली घातली. मग त्याने विचारलं, "फोटो?"

"काढले व्हते. कॅमेरा वाहून गेला."

"मंग कोण इश्वास ठेवील?"

"कुणी ठेवायची गरज न्हाई. एकटीच ऱ्हायलीय ती. जगाला कळलं तर बंदुका घेऊन येतील. तू बघितलीस, मी बघितली. बस झालं."

रात्र भोयांच्या वस्तीत काढून सकाळी दोघं चालत वडीगोद्रीला आले. जालन्याची गाडी लागलेली होती. संपत खिडकीशी बसला. फाटका सदरा, अनवाणी पाय, हातात काही नाही. अण्णा खाली उभा होता.

"परत येशील ना?" त्याने विचारलं.

"शाळा उघडली की येईन. गावात यायचं का, ते अजून ठरवलं न्हाई."

अण्णाने मान डोलावली. गाडीचं इंजिन घरघरलं. त्याने खिडकीच्या गजावर हात ठेवला.

"वहिनींना माझं काय सांगशील?"

संपत खिडकीतून खाली वाकला.

"तू आल्तास म्हनून सांगीन," तो म्हणाला. "उशिरा आल्तास, ते बी सांगीन."

"बराबर हाय," अण्णासाहेब म्हणाला आणि त्याने गजावरचा हात काढला. गाडी सुटली. धुरळा खाली बसेपर्यंत तो रस्त्यात उभा असलेला संपतला दिसत होता.